गिरणा नदीवर बारीक मासळीसाठी गळ टाकून बसणारं कुणी आहे का?

रातपाळीवाला (धरणगाव तालुका)

राम राम मंडळी. प्रश्न जरा येडपट वाटेल, पण विचारतोच.

मी नर्स आहे. चार वर्षं इंग्लंडात सॅलिसबरीच्या बाजूला एका दवाखान्यात होतो, बहुतेक रातपाळीच. आबांना, म्हणजे वडिलांना, अर्धांगवायू झाला म्हणून गेल्या वर्षी गावी परतलो. तिकडे पाळी संपली की डोळे चुरचुरायचे, पण झोप काही यायची नाही. मग खोलीवर न जाता नदीवर जायचो. एव्हन तिचं नाव. तिकडे एव्हन नावाच्या नद्या पैशाला पासरी आहेत, ही हॅम्पशायरची म्हणतात ती. खडूच्या टेकड्यांतून झिरपून पाणी येतं, म्हणून निवळशंख. तळाचं शेवाळ वाऱ्यावर गव्हाचं शेत हलावं तसं हलताना दिसतं.

तिथे एक म्हातारा घडीच्या स्टुलावर बसायचा. पहिले दोन दिवस मान हलवण्यापलीकडे काही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, उभा राहू नकोस, तुझी सावली पाण्यावर पडतेय. झालं, ओळख झाली.

तो फक्त रोच पकडायचा. रोच म्हणजे वीतभर मासा, कधी थोडा मोठा. अंगावर चांदी, पाठीवर निळसर झाक, पर शेंदरी आणि डोळ्यात लाल कडं. खायला काट्यांचा, म्हणून घरी कुणी नेत नाही. पकडायचा, ओल्या हातात धरून बघायचा, सोडून द्यायचा. दोन पौंडाचा, म्हणजे नऊशे ग्रॅमच्या आसपासचा रोच मिळाला तर लोक आयुष्यभर सांगत बसतात. आपल्याकडे नऊशे ग्रॅमचा रोहू बाजारात कुणी वळूनही बघणार नाही.

म्हाताऱ्याची पद्धत अशी. चरखीसारखं गोल रीळ, इतकं हलकं की फुंकर मारली तरी फिरावं. तरंग, म्हणजे दोरीला बांधलेली तरंगती काडी, पाण्यात सोडायचा आणि प्रवाहाबरोबर जाऊ द्यायचा. दोरी बोटाखालून सुटत राहते. तरंग पाण्यापेक्षा जोरात गेला नाही पाहिजे, मागेही ओढला गेला नाही पाहिजे. खाली वीस-पंचवीस पावलं गेला की गुंडाळून परत वरून सोडायचा. मी त्याला तरंगाला फिरायला नेणं म्हणायचो. दर फेरीला तो चिमूटभर शिजवलेलं भांगेचं बी टाकायचा. (हो, भांगेचंच. मासेमारीच्या दुकानात उघड मिळतं. शिजलं की साल फुटून आत पांढरा कोंब दिसतो. आबांना तेव्हा फोनवर सांगितलं तर म्हणाले, मग मासे झुलत येत असतील.) आणि रोच लागतो तो कसा? तरंग बुडत नाही. नुसता मध्येच थबकतो, कुणी बोलता बोलता ‘हं’ म्हणावं तेवढाच. तेवढ्यात मनगट उचललं तर ठीक, नाहीतर आमिष खाऊन मासा गेलेला असतो.

तिकडेही पैसे भरून बसायची तळी आहेत, कार्प सोडलेली. मी एकदा गेलो होतो. तासात अकरा मासे, आणि अकरांपैकी निम्म्यांचे ओठ आधीच फाटलेले. म्हाताऱ्याला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, त्यांना तुझं नाव पाठ झालं असेल.

आता इथे. गावात विचारलं की नदीवर गळ टाकायला कुठे बसू, तर एक म्हणतो शेततळ्यात कटला सोडलाय तो काढ. दुसरा म्हणतो जाळं घे. तिसऱ्याने तर बॅटरीच्या करंटचं सुचवलं. मला किलोवर मासे नको आहेत. कुणी बीज न सोडलेली, नदीची स्वतःची, हातात मावणारी मासळी हवी आहे. आणि दोन तास कुणी हाक मारू नये.

कुठे बसायचं, कोणता मासा, आमिष काय? जाणकारांनी सांगा.

भुसावळी_भाऊ

चार वर्षं इंग्लंडात राहून माणूस गळ टाकायला शिकून आला. भो, त्यासाठी तापीवर आमच्या पुलाखाली आला असतास तरी चाललं असतं, व्हिसाचे पैसे वाचले असते. बाकी चिलापी घे, बाजारात ताजी मिळते, दोन तास कुणी हाकही मारत नाही.

पाटकरी (भडगाव तालुका)

भाऊ, तुझा प्रश्न तीनदा वाचला. भुसावळीकडे लक्ष देऊ नको.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, पाटकरी म्हणून, जामद्याच्या कालव्यावर. तेहतीस वर्षं पाण्याकडे बघायचा पगार घेतला, आता फुकट बघतो. म्हणून थोडं सांगायचा हक्क आहे असं समजतो.

आधी एक. रोच आपल्याकडे नाही. शोधू नको. पण तू जे सांगतोस, वीतभर, चांदीचा, जागच्या जागी ‘हं’ म्हणणारा, तसा मासा गिरणेत आहे. लहानपणी आम्ही त्याला खवली म्हणायचो. चपटं अंग, मोठी खवलं, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, पाठीच्या पराच्या मुळाशी आणखी एक. बोटभर असते, फार तर चार बोटं. पावसाळ्याच्या तोंडाला नराच्या कुशीवर तांबडा पट्टा उमटतो, तेव्हा बघण्यासारखी. तिचीच एक थोरली बहीण आहे, वीतभर नि त्याच्यावर. हिला तोंडाशी बारीक मिशा असतात, धाकटीला नसतात. थोरलीचे पर कधीकधी केशरी दिसतात. ती लागली तर तुझ्या म्हाताऱ्याला फोटो पाठव. दुसरी एक लांबोडकी, कुशीवरून काळी रेघ गेलेली, ती वरच्या वर खाते आणि तुझं आमिष खालपर्यंत पोचूच देत नाही. तिला शिव्या द्यायच्या नाहीत, ती आहे म्हणजे पाणी जिवंत आहे.

कटला, रोहू, मृगळ ही मूळची गंगेकडची मंडळी. धरणात बीज टाकून वाढवलेली, पुरात खाली येतात. त्यांच्यावर माझा राग नाही, पण तुला हवं ते नाही.

आता जागा. गिरणा आता नदी कमी न् आवर्तन जास्त. वरून पाणी सुटलं की फुगते, बंद झालं की डोह राहतात. मधला जो काळ असतो, पाणी उतरतंय पण धार तुटलेली नाही, तो तुझा. दिवाळीनंतर गढूळपणा बसतो. कार्तिक, मार्गशीर्ष झकास. पौषात थंडी कडक पडली की सकाळी जाऊ नको, उन्हं चढल्यावर दहा-अकराला जा, तोवर मासा पण गोधडीतच असतो.

दगडी बंधारा असेल तर त्याच्या खाली बस. अगदी पांढऱ्या पाण्यात नाही; खळखळ संपून पाणी दम खातं, जिथे फेसाचे बुडबुडे गोल फिरून बाजूला लागतात, तिथे. पांझरेकडे गेलास तर फडाच्या बंधाऱ्यांखाली बघ. साक्रीपासून खाली हे बंधारे आहेत, नदीचं पाणी पाटात चढवायला लोकांनी कित्येक पिढ्यांपूर्वी घातलेले. मला विचारशील तर खात्यात शिकवलं त्यापेक्षा जास्त अक्कल त्या दगडांत आहे. पण तो विषय वेगळा, त्यावर मी बसलो की उठत नाही.

दुसरी जागा, पाण्यावर ओणवलेला उंबर. पिकलेलं उंबर ‘डुब’ करून पडतं आणि खालून सगळे धावतात. उंबर फोडून त्यातला गर गळाला लाव. गिऱ्हाईक तयार उभं असतं. जांभळाखाली तसंच, पण ती वेळ उन्हाळ्याच्या शेवटाची, नि तेव्हा पाणी कुठे असतं?

वाळू उपसलेला पट्टा टाळ. हे गमतीत घेऊ नको. वरून गुडघाभर दिसतं आणि पुढचं पाऊल दोन पुरुष खोल खड्ड्यात. मी स्वतः एका पोराला केसाला धरून काढलंय. नदीत उतरायचंच नाही, काठावरून जे होईल ते.

आमिष. गांडूळ सगळे सांगतील. लागतंही, पण त्याच्यावर शिंगटा येतो आणि त्याचा काटा हाताला लागला की संध्याकाळपर्यंत आईची आठवण येते. खवलीला कणीक. पण गव्हाची कणीक पाण्यात दोन मिनिटांत विरघळते. म्हणून तुझ्या आईकडे कळण्याचं पीठ माग. ज्वारीत उडीद साल्यासकट दळलेला असतो, त्या उडदाचा चिकटा येतो. कोमट पाण्यात घट्ट मळ, ओल्या फडक्यात ठेव. मुगाच्या दाण्याएवढी गोळी, गळाचं टोक जेमतेम झाकेल इतकी. मोठी गोळी लावशील तर खवली चारी बाजूंनी कुरतडून नेईल आणि तू उगामुगा बसून राहशील.

भांगेचं बी इथे मागू नको, लोक भलतंच समजतील. ज्वारीच्या घुगऱ्या शिजव. दाणा उलला पाहिजे. वरच्या अंगाला मूठभर टाकत राहा. मूठ म्हणजे पोराची मूठ. सोबत सरकीची ढेप भिजवून काठच्या मातीत कालवून सुपारीएवढे गोळे. पोट भरायचं नाही, वास द्यायचा.

तरंगाला आम्ही ज्वारीच्या ताटाचा तुकडा वापरायचो. तासाभरात पाणी पितो आणि जड होतो. मोरपिसाचा दांडा उत्तम. शेतात पडलेली पिसं मिळतात, पिसारा काढून टाकायचा, पांढरी काडी ठेवायची. वजनाला शिशाचा एक मणी, गळापासून वीतभर वर. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, सगळ्यात बारीक माग. दुकानदार म्हणेल तुटेल. म्हणावं, तुटू दे.

आणि बसायची दिशा. सकाळी पूर्वेला तोंड कर. ऊन डोळ्यांत गेलं तरी चालेल, सावली पाठीमागे पडली पाहिजे. तुझा इंग्रज बरोबर बोलला.

अनेरकाठ (शिरपूर तालुका)

पाटकरी काकांना नमस्कार. त्यांच्यानंतर लिहायला राहिलंय काय!

फक्त एक सावधगिरी. आमच्याकडे सातपुड्यातून येणाऱ्या नद्यांचं पाणी काचेसारखं असतं, तुम्हाला मोह होईल. पण अनेर धरणाचा परिसर अभयारण्य आहे, तिकडे गळ घेऊन जाऊ नका. तसंच धरणांच्या फुगवट्यात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो. आधी काठावरच्या भोई मंडळींना विचारा. गळाला ते सहसा नाही म्हणत नाहीत. न विचारता बसलात तर मात्र हक्काने उठवतील, आणि त्यांचं बरोबरच आहे, त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे.

तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी बॅरेज झाल्यापासून आमच्या पट्ट्यात ती नदी नाही, लांबलचक तळं झालंय. तिथे तुमचा तरंग फिरायला जाणारच नाही, उभाच राहील. गिरणाच बरी.

संगमावरची (मुक्ताईनगर तालुका)

भाऊ, मला ते पकडून सोडायचं काही पटलं नाही. माफ करा, स्पष्ट बोलते.

आमचं माहेर चांगदेवजवळ, तापी-पूर्णेच्या संगमावर. वडील गळ टाकायचे, मी डबा धरून शेजारी. मुलगी नदीवर कशाला म्हणून लोक बोलायचे, वडिलांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांचं बरं होतं. बारीक मासळी घरी आली की आई ती राखेत घोळायची. राखेने हातातून निसटत नाही आणि खवलं पटकन निघतात. पोट दाबून साफ करायचं. मग हळद-मीठ, आणि कांदा-खोबरं चुलीत भाजून केलेल्या काळ्या मसाल्यातला पातळ रस्सा. मोठे तुकडे नसतात म्हणून ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हिसडायचं. काटे इतके मऊ की चावून खायचे. कळण्याची भाकरी तुम्ही गळाला लावता, आम्ही रश्शात चुरतो.

त्या माशाच्या ओठात लोखंड घालायचं, ओढून काढायचं, फोटो काढायचा आणि परत टाकायचं, हे माशाच्या बाजूने विचार केला तर खाण्यापेक्षा बरं कसं? खाल्लं तर निदान काही कारण तरी आहे.

रातपाळीवाला

सगळ्यांचे आभार. पाटकरी काका, तुमचा मजकूर छापून आबांना वाचून दाखवला. त्यांना अजून नीट बोलता येत नाही, पण शिंगट्याच्या काट्यापाशी जोरात हसले.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. मीही हे म्हाताऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, मला तो जवळून बघायचा असतो आणि त्याला बोलवायचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. उत्तर म्हणून हे लंगडंच आहे, मान्य. पण एक गोष्ट सांगतो. त्या एव्हनमध्ये रोच खूप कमी झाले होते. तेव्हा गळवाल्यांनीच काय केलं, तर फळ्यांना जाळी गुंडाळून त्या विणीच्या हंगामात पाण्यात सोडल्या. रोचला अंडी चिकटवायला शेवाळासारखं काहीतरी लागतं. अंडी लागलेल्या फळ्या उचलून घरामागच्या टाक्यांत नेल्या, पिल्लं वाढवली आणि परत त्याच नदीत सोडली. वर्षानुवर्षं, पदरमोड करून. खाणारा माणूस एवढा उपद्व्याप करेल का, माहीत नाही. कदाचित करेलही. तुमचा रस्सा वाचून माझाच निश्चय ढळलाय.

काका, शिशाबद्दल एक. तिकडे 1987 पासून गळाला लावायच्या बारीक शिशाच्या मण्यांवर बंदी आहे. तळाला पडलेले मणी हंस खड्यांबरोबर गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. आपल्याकडे गिरणेवर बदकं उतरतात हिवाळ्यात, म्हणून मी दुसरं काहीतरी शोधतो.

आणखी एक, तिथे नदीवर 15 मार्च ते 15 जून गळ टाकायला मनाई असते. विणीचा काळ. 16 जूनला पहाटे लोक सणासारखे नदीवर येतात. आपल्याकडे असं काही पाळतात का?

पाटकरी (भडगाव तालुका)

शिशाचं माहीत नव्हतं. तेहतीस वर्षं वापरलं. बघतो.

पाळायचं म्हणशील तर माझा बाप मृग लागला की गळ आढ्याला खोचून ठेवायचा, पोळ्यापर्यंत काढायचा नाही. पहिल्या गढूळ पाण्याला मासा वर चढतो, ओढ्या-नाल्यात, शेताच्या बांधापर्यंत. पोटात अंडी असतात. तेव्हा त्याला पकडायला अक्कल लागत नाही, टोपली पुरते. म्हणूनच बाप म्हणायचा, ‘त्या येळे धरं तर काय धरं?’ गावात मात्र सगळे धरायचे, आजही धरतात, हे पण सांगून ठेवतो. नाहीतर तुला वाटेल खानदेशात सगळे ऋषीच राहतात.

भुसावळी_भाऊ

काका, पोळ्यापर्यंत थांबायचं हे आमच्या तिकडेही म्हातारे म्हणायचे. मी नाही थांबत, खोटं कशाला बोलू.

रातपाळीवाला

मंडळी, काल जाऊन आलो. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

जागा सांगत नाही, वाळूचे ट्रॅक्टर वाचतात. एवढंच की जुना दगडी बांध आहे, अर्धा वाहून गेलेला, आणि खाली डाव्या अंगाला उंबर आहे. सकाळी साडेदहाला पोचलो. धुकं नुकतंच उठलं होतं, पण उंबराखाली अजून गार. पलीकडे कुणाच्या तरी मळ्यात मोटार चालू होती, तेवढाच आवाज. पाणी चहाच्या रंगाचंही नाही, हिरवंही नाही. काचेच्या बाटलीला आतून धूळ बसावी तसं.

शिशाऐवजी काय वापरलं सांगतो. मागच्या महिन्यात आमच्या विहिरीवरची मोटार जळाली होती. रिवाइंडिंगवाल्याने काढून टाकलेली तांब्याची तार घरी पडली होती. तिचे सात वेढे तंगुसाला घातले. वजन कमी-जास्त करायला वेढा सोडायचा किंवा घालायचा. म्हाताऱ्याला हे आवडलं असतं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला, म्हणजे मासा पटकन सुटतो. बाराशे रुपयांच्या काठीऐवजी बांबू, आणि रीळ नाही. त्यामुळे तरंग फार लांब फिरायला नेता येत नाही, आठ-दहा पावलं. पण काठावरून त्याच्याबरोबर मीच चालत गेलो. झाली युक्ती.

पहिला पाऊण तास काहीही नाही. घुगऱ्या टाकत राहिलो. एक धीवर, म्हणजे तो निळा खंड्या, समोरच्या वाळक्या फांदीवर येऊन बसला आणि माझ्यासमोर दोन मासे घेऊन गेला. मी कळण्याची गोळी बदलतोय, तो सूर मारतोय. शेवटी मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

मग उंबर पडलं. ‘डुब’. मी तिकडे बघत होतो, आणि त्या वर्तुळातून माझा तरंग जात होता. तो थांबला. बुडाला नाही, हलला नाही, फक्त पाणी पुढे गेलं आणि तो गेला नाही. काका, मला हे कसं सांगावं कळत नाही, पण चार वर्षांच्या सगळ्या सकाळी त्या एका थांबण्यात होत्या. मनगट उचललं. बांबूच्या शेंड्याला तीन-चार झटके आले, बारीक, रागावलेले. आणि खाली पाण्यात काहीतरी आडवं झालं आणि चमकलं.

खवली. चार बोटं. शेपटीपाशी काळा ठिपका, तुम्ही म्हणालात तसाच, जसा काही कुणी काजळाचं बोट टेकवलंय. खवलं मोजता येतील इतकी स्वच्छ. पोटाकडे चांदी, वर गेलं की पितळेची झाक, आणि पर अगदी फिके, रोचसारखे लाल नाहीत. हात ओला करून धरली. तोंड इवलंसं, आतून गुळगुळीत. रोचचंही असंच असतं, दात तोंडात नाहीत, घशात. बोट घातलं तर बाळाने ओठांनी धरावं तसं वाटतं. सोडली तर लगेच गेली नाही. माझ्या बोटांच्या सावलीत क्षणभर उभी राहिली, मग एकदम नाहीशी.

त्यानंतर दीड तासात सहा. पाच धाकट्या आणि एक ती काळ्या रेघेची चोरटी. थोरली नाही लागली. एकदा तरंग जोरात बाजूला गेला होता, बांबू चांगला वाकला, आणि तंगूस तुटलं. दुकानदार म्हणालाच होता. मी म्हणालो तुटू दे, पण तिथे उभा राहून पाच मिनिटं पाण्याकडे बघत होतो.

सुमारे एकला ट्रॅक्टर आला. दोन पोरं उतरली, त्यातल्या एकाने विचारलं, ‘कितला लागनात?’ मी म्हणालो सात. त्याने रिकामा डबा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ‘कोठे शेतस?’ पाण्यात, म्हणालो. तो जोडीदाराला म्हणाला, ‘चाल रे, येडा शे हाऊ.’ नंतर फावड्यांचा आवाज सुरू झाला आणि मी सामान आवरलं. बंधाऱ्याखाली आता सहा खवल्या आणि एक तुटलेला गळ घेऊन फिरणारं कुणीतरी आहे, तिथे पुढच्या महिन्यात खड्डा असेल. कुणाकडे तक्रार करायची तेही करून झालंय, ते इथे नको.

घरी आबांना सगळं सांगितलं. त्यांचा उजवा हात चालत नाही. डाव्या हाताने त्यांनी मोरपिसाची काडी मागितली, फिरवून बघितली आणि काहीतरी म्हणाले. दोनदा म्हणाले, मला समजलं नाही. आई म्हणते ते ‘उलटी’ म्हणत होते. काका, काय उलटी?

ताई, पुढच्या वेळी थोरली लागली तर डबा नेईन. बघू.

संगमावरची (मुक्ताईनगर तालुका)

राख न्यायला विसरू नका.

पाटकरी (भडगाव तालुका)

तुझ्या वडिलांनी गळ टाकलेला आहे, हे तू आम्हाला सांगितलं नाहीस. का तुलाच माहीत नव्हतं?

काडी उलटी बांधली होतीस. जाड टोक खाली, बारीक टोक वर ठेवायचं. बारीक टोक श्वासाने पण हलतं. तुझं जाड टोक वर होतं, म्हणून पहिला पाऊण तास तुला काही दिसलं नाही. मासे खात होते.

तार किती नंबरची होती? आमच्याकडे पण जळालेली मोटार आहे. रविवारी येतो, एसटीने. घुगऱ्या जास्त शिजव, आणि आबांना नेता येतील अशी वाट आहे का ते बघून ठेव.